चिनी शाळेपुढची इस्त्री

फुगा मी सोडला आणि तो चुकीच्या जागी पडला. पुढं जे रामायण झालं त्याचं मूळ त्या फुग्यात आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकतो. नाही तर ही गोष्ट सांगायला माझ्यापेक्षा उत्सुक असलेली व्यक्ती आमच्याच घरात आहे, आणि तिची सुरुवात "यांना कुणी सांगितलं होतं नसत्या उठाठेवी करायला?" इथून होते.

फुगा संगणकातला. गरीब घरच्या मुलांसाठी मोठ्या शाळांनी पंचवीस टक्के जागा राखून ठेवायच्या, असा कायदा आहे. त्याचा अर्ज संगणकावर भरायचा असतो आणि भरता भरता मध्येच एक नकाशा उघडतो. नकाशावर लाल फुगा तरंगत असतो. तो उचलून आपल्या घरावर नेऊन ठेवायचा, की त्या घरापासून किलोमीटरभराच्या आतल्या शाळांची नावं समोर येतात. अर्ज मी भरत होतो आमच्या इस्त्रीवाल्या शकूच्या मुलीसाठी, आणि शकूचं घर खराडीच्या जुन्या गावठाणात. मी फुगा उचलला आणि गावठाण शोधत निघालो, तर वाटेत मला आमच्या सोसायटीची गच्ची दिसली! स्वतःची गच्ची आभाळातून बघायचा योग काही रोज येत नाही. पाण्याची टाकी, टाकीशेजारी उन्हात पसरलेलं काहीतरी पांढरं, चौकोनी.

"मंदाकिनी, अगं ही बघ आपली गादी!" मी ओरडलो, आणि त्या आनंदात माऊसवरचं बोट सुटलं.

फुगा आमच्या गच्चीवर बसला तो बसलाच. शाळांची नावं आली. जितक्या शाळा जास्त तितकी आशा जास्त, अशा हिशेबानं मी सगळ्यांपुढं खुणा केल्या आणि अर्ज धाडून दिला. शकूला हवी होती ती गावठाणाच्या टोकाची इंग्रजी शाळा. ती आमच्या गच्चीपासून किलोमीटरच्या जराशी पलीकडं पडत होती आणि यादीत आलीच नव्हती, हे मला सोडत निघाल्यावर कळलं. शकूच्या मोबाइलवर निरोप आला. तिच्या साडेतीन वर्षांच्या जनाईचा नंबर लागला होता. चिनी शाळेत.

शकू आमच्या सोसायटीच्या फाटकाशी इस्त्रीची हातगाडी लावते. आम्ही मूळचे कसबा पेठेतले. आमच्या लहानपणी माणूस येरवड्याच्या पलीकडं कधी जात नसे, आणि येरवड्यापर्यंत गेलाच तर एक तर शिक्षा होऊन किंवा डोकं फिरून. अशा माणसाला म्हातारपणी मुलाच्या फ्लॅटसाठी खराडीला येऊन राहावं लागलं. इथं मला पहिल्यांदा मराठीत कुणी झापलं असेल तर ते शकूनं. मी सदरा इस्त्रीला दिला होता. तिनं तो उचलला, कॉलर बघितली आणि परत माझ्या हातात ठेवला.

"काका, आदी घासून धुवून आना. मी सुरकुत्या काडते, मळ न्हाय."

शेजारी चार माणसं उभी होती. त्यांच्यापैकी दोघांनी आपापल्या पिशव्या हळूच पाठीमागं घेतल्या.

तिच्या सासऱ्याचं, भैरूबाबांचं, इथं ज्वारीचं रान होतं. त्या रानात आता काचेची तेरा मजली इमारत उभी आहे. जमिनीचे पैसे आले तसे गेले; मोटार, दोन लग्नं आणि एक पडलेली निवडणूक एवढ्यात सगळं आटोपलं. त्या काचेच्या इमारतीत जी मुलं कामाला बसतात त्यांचे शर्ट आता भैरूबाबांची सून इस्त्री करते. नवरा संपत कंपनीची गाडी रात्रपाळीला चालवतो आणि दिवसा झोपतो. पण याबद्दल शकूनं कधी उसासा टाकलेला मी ऐकला नाही. उसासा टाकायला इस्त्री थांबवावी लागते, आणि कोळसा फुकट जातो.

तर अशा बाईच्या मुलीला चिनी शाळा! शाळेचं नाव मी लिहीत नाही. एक तर ते इतकं लांब आहे की त्या पाटीसाठीच इमारत एवढी रुंद बांधली असावी. आणि दुसरं म्हणजे लिहिलं तर फुकट जाहिरात होईल. त्या शाळेची पद्धत अशी, की मूल फाटकाच्या आत शिरलं की त्याच्या कानावर चिनी सोडून दुसरा शब्द पडता कामा नये. गाणी चिनी, गोष्टी चिनी, "शी आली" हेसुद्धा चिनीतच सांगायचं. मुलाला भाषेत बुडवून काढायचं, असा त्यांचा सिद्धांत. बुडवायचंच होतं तर मुळा-मुठा काय वाईट होती?

चीनशी माझं वैर नाही. ज्यांचा चहा आपण दिवसातून चारदा पितो त्यांच्याशी वैर धरून भागत नाही. मोठेपणी कुणी चिनी शिकावं, जपानी शिकावं, वाटल्यास कोल्हापूरचं मराठी शिकावं, माझी ना नाही. पण साडेतीन वर्षांच्या पोरीला धड "वरण" म्हणता येत नाही, ती "वलन" म्हणते, तिच्या तोंडात आणखी कुणाच्या देशाचा भात कोंबायचा? आणि तो कुठं, तर खराडीत! इथं आमच्या बिल्डिंगमधली मुलं स्वतःच्या आजीला "आजी, व्हॉट इज पातेलं?" असं विचारतात आणि आजी कौतुकानं हसते. संताप येतो तो याचाच.

मी शकूला म्हणालो, "शकू, चूक माझी आहे. मी निस्तरतो."

"फुग्याचं ऱ्हाऊ द्या. नंबर लागलाय ना? उद्या सोबत चला. इंग्रजीत काय बोलले तर मला सांगा."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. शकू, जनाई आणि मी. जनाईला तिनं झगा घातला होता आणि त्या झग्याला अशी इस्त्री होती की पोरीला खाली बसवेना.

फाटकातच मला ओळखीचा चेहरा दिसला. लांब हिरवा झगा घातलेली एक बाई मुलांना ओळीनं आत घेत होती. ती कसब्यातल्या आमच्या शेजाऱ्यांची हेमा निघाली. मी हिला माझ्या सायकलच्या दांडीवर बसवून बालवाडीत सोडलं आहे!

"हेमे! तू इथं?"

हेमानं घाबरून इकडंतिकडं बघितलं, लवून नमस्कार केला आणि चिनीत काहीतरी लांबलचक बोलली. शब्द एकही कळला नाही, पण डोळे शुद्ध कसबा पेठेतल्या मराठीत सांगत होते, "काका, गप्प बसा, नोकरी जाईल." नंतर ती मला रसवंतीगृहाच्या आडोशाला भेटली तेव्हा कळलं, की फाटकाच्या आत शिक्षिकेनं मराठी उच्चारलं तर पगार कापतात. कसब्यात जन्मलेली बाई पुण्यात मराठी बोलली म्हणून तिचा पगार कापायचा! इंग्रजांनीसुद्धा एवढी हिंमत केली नव्हती.

आत संचालक बसले होते. वय तिशीच्या आसपास, टाय, हसू. ते हसू एकदा लावलं की संध्याकाळीच काढत असावेत.

"वेलकम, वेलकम. आपण ग्रँडफादर?"

"मी शेजारी. आणि ही आई."

त्यांनी शकूकडं बघितलं, तिच्या हातावरच्या भाजल्याच्या डागांकडं बघितलं, मग पुन्हा माझ्याकडं वळून बोलू लागले. पुढचं सगळं बोलणं ते माझ्याशीच बोलले. जिचं मूल ती खुर्चीत बसलेली, आणि हे बोलतायत शेजाऱ्याशी.

"सर, आम्हाला ॲडमिशन द्यायला काहीच प्रॉब्लेम नाही. पण मुलांच्या दृष्टीनं विचार करा. या मुलांना घरी ॲटमॉस्फिअर नसतं. चायनीज इमर्शन म्हणजे सोपं नाही. पालकांना शनिवारचा वर्ग करावा लागतो. घरी चिनी गाणी लावावी लागतात. मुलगी मागं पडेल. मग तिला कॉम्प्लेक्स येईल. आम्हाला वाईट वाटतं हो."

वाईट वाटणारा माणूस मला अजून ओळखता येतो. हे त्यातले नव्हते.

मग त्यांनी जनाईपुढं एक चित्र धरलं. कायद्यानं लहान मुलांची मुलाखत घ्यायची नसते, म्हणून ते म्हणाले, "मुलाखत नाही हं ही. फक्त गप्पा." चित्रात एक पांडा बांबू खात बसला होता.

"हे काय आहे, बेटा?"

जनाईनं चित्र नीट निरखलं. डोळ्यांभोवतीचे काळे डाग, कानावरचे डाग, पायावरचे डाग. तिची मुद्रा गंभीर झाली.

"अस्वल," ती म्हणाली. "शाई सांडलीय. लिंबू लावा."

मी हसलो. संचालक हसले नाहीत. त्यांनी एक छापील कागद पुढं सरकवला. "हे बघा, पालक स्वखुशीनं ही जागा सोडत आहेत, एवढंच आहे यात. सही केली की तुम्ही मोकळे, आम्ही मोकळे."

मी कागद वाचला आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. स्वखुशी! बोलावून आणायचं, खुर्चीत बसवून माणसाला चिरगूट करायचं आणि वर त्याची खुशी छापून आणायची! मी उठून उभा राहिलो. नाटकात उठतात तसा. कायद्याचं कलम सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात शकू म्हणाली,

"सही न्हाय करनार. प्रवेश कदी देताय?"

"मॅडम, आज शक्य नाही. सिस्टिम डाउन आहे. उद्या बघा."

दुसऱ्या दिवशी सिस्टिम डाउनच होती. तिसऱ्या दिवशी क्लार्क रजेवर होता. चौथ्या दिवशी तो क्लार्क मला चहाच्या टपरीवर भेटला, रजेवर अजिबात नसलेला. शकूला ते बाहेरच्या कट्ट्यावर बसवून ठेवायचे. आमचे शर्ट पडून राहायचे. आणि प्रवेशाची मुदत संपत आली होती. मुदत टळली की जागा गेली, मग सहीचीही गरज नाही. हा त्यांचा डाव शेंबड्या पोराला कळला असता.

माझा संताप दुहेरी होता. त्या शाळेवर तर होताच. पण या पोरीला त्या शाळेच्या दारात नेऊन बसवलं होतं माझ्या फुग्यानं. घरी जेवताना मंदाकिनी वाढता वाढता म्हणायची, "आणखी एक पोळी घेता? का आधी गच्चीवर जाऊन गादी बघून येता?" मी ठरवलं, आता ही चूक आपणच दुरुस्त करायची. शकूला हवी ती इंग्रजी शाळा मिळवून द्यायची आणि या चिनी भिंतीपासून तिला सोडवायचं.

त्या इंग्रजी शाळेच्या विश्वस्त मंडळावर श्रीनिवास होता. माझा शाळूसोबती. शाळेत असताना माझ्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी याला न विचारता खायची सवय होती. मी त्याच्या घरी जाऊन बसलो.

"एक जागा दे," मी म्हणालो.

"जागा म्हणजे काय साबुदाणा आहे का, कुणीही यावं आणि घ्यावी?"

"तू हे बोलावंस!"

तो जरा खजील झाला. मग तत्त्वं सांगू लागला. मग संस्थेच्या अडचणी सांगू लागला. मी रोज जाऊन बसू लागलो. निवृत्त माणसाइतकं चिवट जगात काही नाही. त्याला कुठं जायचं नसतं. शेवटी त्याची बायको म्हणाली, "अहो, देऊन टाका ती जागा, नाही तर हे आता जेवायलाही इथंच बसतील." श्रीनिवासनं विश्वस्त म्हणून आपल्या अधिकारात एक जागा दिली. फी माफ. चिठ्ठी लिहून माझ्या हातात ठेवली. मला म्हणाला, "आता पुन्हा येऊ नकोस. आलास तर खिचडी घेऊन ये."

चिठ्ठी खिशात घालून मी सकाळी सकाळी शकूला गाठायला निघालो. मुदतीचा तो शेवटचा दिवस. फाटकापाशी येऊन बघतो तर हातगाडी नाही! जिथं गाडी लागायची तिथं जमिनीवर कोळशाची काळी खूण तेवढी होती. आणि आमच्या बिल्डिंगमधले एक साहेब, रोज गळ्यात पट्टा अडकवून काचेच्या इमारतीत जाणारे, बनियनवर उभे.

"काका, शकूताई कुठं गेली? माझा शर्ट तिच्याकडं आहे. साडेनऊला क्लायंट कॉल आहे."

राखणदार म्हणाला, "ती गाडी ढकलत चिनी शाळंकडं गेली. कापडं घ्यायला तिकडंच या म्हनाली."

आम्ही निघालो. वाटेत आणखी दोघं बनियनवाले भेटले. एक जण टॉवेल पांघरून आला होता. शाळेच्या रस्त्यावर वळलो आणि मी जागीच थांबलो.

शाळेच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडं, शकूची गाडी उभी. इस्त्रीतून धूर निघतोय. गाडीखाली सतरंजीवर जनाई बाहुलीच्या झग्याच्या घड्या घालतेय. आणि गाडीभोवती आमच्या सोसायटीतले निम्मे पुरुष, अर्धे उघडे, आपापल्या शर्टासाठी ताटकळत. समोरून एकेक मोटार येतेय, त्यातून मुलं उतरतायत, मुलांच्या आया काचा खाली करून बघतायत. फाटकात हेमा पांढरीफटक पडून उभी, आणि तिच्या शेजारची दोन पोरं बनियनवाल्यांकडं बोट दाखवून तिला चिनीत काहीतरी विचारतायत. त्याचं चिनी उत्तर बहुतेक अजून तिला शिकवलेलं नव्हतं.

"शकूताई, इथं कशाला आणली गाडी?" प्रत्येक जण विचारत होता.

"पोरीचा प्रवेश द्यायचा हाय ह्यांना," शकू प्रत्येकाला तेच सांगत होती, इस्त्री न थांबवता, आवाज न चढवता. "उद्या या म्हनत्यात. रोज जाऊन येऊन माजं काम बुडतं. म्हनून म्हनलं, हितंच बसावं. देतील तवा देतील."

"देत नाहीत म्हणजे काय?" टॉवेलवाले भडकले. त्यांची स्वतःची मुलगी याच शाळेत होती. "यांना एवढी फी कशाला भरतो आम्ही?" पट्टेवाल्या साहेबांनी फोन काढून फोटो घेतला. एक मोटार थांबली, मागं दुसरी थांबली, तिसरीनं भोंगा वाजवला. मग एक बाई मोटारीतून उतरल्या, शकूपाशी येऊन गेल्या आणि सरळ आत शिरल्या. त्यांच्या हातात शकूनं नुकतीच दिलेली साडी होती. त्यांच्यामागं टॉवेल गेला.

मीही चार खडे शब्द ऐकवायला आत जाणार होतो. ते शब्द मी आठवडाभर जमवून ठेवले होते. पण माझा नंबर येईपर्यंत संचालक स्वतःच बाहेर आले. हसू लावायला विसरले होते.

"मॅडम, अहो मॅडम, असं रस्त्यावर... आपण आत या ना. सिस्टिम आत्ताच सुरू झालीय."

पहिल्यांदाच ते शकूकडं बघून बोलत होते.

"थांबा," शकू म्हणाली. "हातातला शर्ट होऊ द्या."

तिनं तो शर्ट पुरा केला. कॉलर, बाह्या, पाठ. घडी घातली. साहेबांनी तो तिथंच अंगात चढवला आणि फोन कानाला लावून पळाले. मग तिनं इस्त्री खाली ठेवली, जनाईला उचललं, पदर खोचला आणि रस्ता ओलांडून गेली. संचालक तिच्या मागं.

मी गाडीपाशी राखण करत थांबलो. कोळसा विझू नये म्हणून पुठ्ठ्यानं वारा घालत होतो. तेवढ्यात एक जण येऊन मला म्हणाला, "ओ काका, पँट झाली का माझी?" मी त्याला कॉलर घासून धुवून आणायला सांगितलं. पँटला कॉलर नसते, हे तो गेल्यावर लक्षात आलं.

बऱ्याच वेळानं शकू बाहेर आली. तिच्या हातात शिक्का मारलेली प्रवेशाची पावती होती. ती तिनं मला दाखवली नाही. नीट घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली. जनाईच्या हातात एक कागदी कंदील होता.

आता माझी पाळी. मी खिशातून चिठ्ठी काढली.

"शकू, ती पावती फाडून टाक. तुला हवी होती ना गावठाणातली इंग्रजी शाळा? ही घे. जागा मिळवलीय मी. फी माफ. विश्वस्ताची सही आहे बघ."

शकूनं चिठ्ठी हातात घेतली, सहीवरून अंगठा फिरवला, आणि मला परत दिली.

"नको, काका."

"नको?" माझा आवाज चढला. गेला आठवडा माझ्या डोळ्यांपुढून गेला. श्रीनिवासचे ते जिने, ती तत्त्वं, तो फिका चहा. "नको म्हणजे? या माणसांनी तुला कट्ट्यावर बसवलं. पोरीला मागं पडेल म्हणाले. आणि तू अजून यांच्याच दारात येणार?"

"येनार."

"अगं, अपमान केला त्यांनी तुझा!"

"म्हनून काय मी सोडू? जागा माजी हाय. अपमान त्यांचा हाय, त्यांनी ठिवावा."

"बरं, ते सोड. पण शाळा तरी बघ. ती चांगली शाळा आहे गं. स्वच्छ आहे, घराजवळ आहे, तुझ्या मनातली आहे. आणि मुलं बघशील तर एकेक अशी! पहिल्या दिवसापासून फाडफाड इंग्रजी बोलतात. घरूनच शिकून येतात. तिथं जनाईला काय संगत मिळेल! हे चिनी शिकून ती करणार काय, मला एवढं सांग. इंग्रजी सोडून हे चिनीच कशाला?"

शकूनं इस्त्री उचलली, तिच्या तळाला पाणी शिंपडून चर्र आवाज ऐकला, आणि पुढची पँट पसरता पसरता म्हणाली,

"इंग्रजी समद्यांच्या घरी हाय, काका, चिनी हितं कुनाच्या बापालाबी येत न्हाय."